मातीच्या रंगाची भेग

"ही भेग जेसीबीची नाही," दीपमालानं कवटी कॅमेऱ्यापुढं धरली. "आज फुटली असती तर कड पांढरी दिसली असती. ही बघा, मातीच्या रंगाची झालीय. म्हणजे डोक्यातला घाव माणूस पुरला तेव्हाचाच आहे."

"मॅडम, जरा हसून सांगा की," कॅमेऱ्यामागनं शिवतेज म्हणाला.

"माणूस मेलाय शिवतेज, लग्न नाही त्याचं."

कोयनानगरच्या अलीकडं घाटरस्ता रुंद करताना डोंगराच्या कडेला हाडं निघाली होती. पोलिसांनी विश्रामबागच्या प्रयोगशाळेतनं दीपमालाला बोलावलं. ती निघाली म्हटल्यावर चॅनेलनं परवानगी काढून कॅमेरा मागं लावून दिला. तिचा 'मातीखालचा माणूस' हा कार्यक्रम लागला की लोक जेवणाची ताटं घेऊन टीव्हीपुढं बसत होते.

सुरुवातीला ह्याच चॅनेलच्या निर्मात्यानं, राजवर्धननं तिला तोंडावर सांगितलं होतं, "ज्ञान ठीक आहे, पण दातातली ती फट पडद्यावर बरी दिसत नाही." त्याच चॅनेलवर एक ढेरपोट्या ज्योतिषी रोज सकाळी लोकांना गंडवत होता. त्याच्या ढेरीला कुणी काही म्हणत नव्हतं. बाईनं मात्र मेलेल्या माणसाची हाडं दाखवायची तरी आधी स्वतःचं तोंड दुरुस्त करून यायचं! दीपमाला भांडली, आणि शेवटी फटीत काढता-घालता येणारा तारेचा दात बसवून घेतला.

"फट तुझ्या आईच्या माहेरची असंल," आबा म्हणाले होते. "बसव की दात, त्यात काय."

आबा म्हणजे तिचे वडील धोंडिराम. दीपमाला रांगत होती तेव्हाच आई गेली. आबांनी एकट्यानं तिला वाढवलं, शिकवलं. भावकी तिला 'मुडद्यांची डॉक्टरीण' म्हणून हिणवायला लागली तेव्हा काठी घेऊन अंगावर गेले. सत्तरी उलटली तरी ते ऊस दातानंच सोलायचे. प्रत्येक शूटिंगला हजर, आणि प्रश्न विचारून नुसता जीव खायचे.

"हाडावरनं जात कळती का गं?"

"नाही आबा."

"मग मानसापरास हाडंच लय शानी."

आज मात्र ते वर रस्त्यावर गाडीतच बसून होते. तरुणपणी त्यांनी इथं धरणखात्याच्या जीपवर डायवरची नोकरी केलेली. घाट त्यांना पाठ, म्हणून तिनंच आग्रह करून आणलं होतं. गुडघा धरलाय म्हणाले.

पोलिसांच्या दोरीपलीकडं एक म्हातारी सकाळपासनं उभी होती. कुणी हटकलं तरी हलत नव्हती. दीपमाला तिच्याजवळ गेली.

"मी साळूबाई," म्हातारी म्हणाली. "बाई, ह्यो माझा जोतिबा हाय का तेवढं बगा."

"कोण जोतिबा, आजी?"

"ल्योक माझा. धरणाच्या कॉलनीत कामाला हुता. एक दिशी घरला आलाच न्हाई. जीपच्या डायवरनं सांगितलं, मुंबईच्या गाडीत बसताना बगितला म्हून. झालं! समदं गाव म्हनालं, आयला टाकून पळाला." तिनं पदर मुठीत आवळला. "पळाला नसंल तर तेवढं टीवीत सांगा. मग मी मराया मोकळी."

दीपमालानं गाडीकडं बघितलं. आबांनी काच वर केली होती. खात्यात काय एकच जीप होती, तिनं स्वतःला समजावलं. असतील चार डायवर.

"वय काय होतं त्याचं?"

"पंचविशीच्या आत."

वय जुळत होतं. सापळ्याच्या गळ्याजवळच्या हाडाचं टोक अजून पुरतं सांधलेलं नव्हतं. पण तेवढ्यावर नाव लावायचं नसतं.

"कधी हात-पाय मोडला होता?"

"न्हाई वो. वान्रासारखा झाडावर चडायचा, कवा पडला न्हाई."

"मग दुसरी काही खूण?"

साळूबाई बोळकं पसरून हसली. "आता माझ्या तोंडात कायच ऱ्हायलं न्हाई, न्हाईतर दावली असती. आमच्यात वरचा डावीकडचा एक दात फुटतच न्हाई. माझ्या बाला न्हवता, मला न्हवता, जोतिबाला न्हवता. त्या फटीतनं शीळ घालायचा बगा! पोरी चिडवायच्या त्येला. त्या डायवरची बायकू तेवढी म्हनायची, ग्वाड दिसतंय म्हून."

दीपमाला मागं वळली आणि कवटी घेऊन परत दोरीशी आली.

पुढचे दात मातीत गळून पडतात, ते नेहमीचंच. म्हणून सकाळी तिनं त्या रिकाम्या जागांकडं बघितलं नव्हतं. आता तिनं ब्रश घेतला आणि वरच्या जबड्यात बसलेला चिखल हळूहळू काढला. दात गळला की त्याची खोबण मागं राहते. मधल्या दाताची खोबण निघाली. पलीकडच्या सुळ्याची निघाली. दोन्हींच्या मध्ये डावीकडं सपाट, सलग हाड होतं. तो दात गळला नव्हता. कधी उगवलाच नव्हता.

"त्योच हाय न्हवं?" साळूबाईनं विचारलं.

"तोच आहे, आजी. जोतिबा पळाला नव्हता."

म्हातारी मटकन खाली बसली. तिनं कपाळ मातीला टेकवलं. रडली नाही. "आयकलं का रं," एवढंच म्हणाली, सगळ्या गावाला म्हटल्यासारखं.

वर रस्त्यावर गाडीचं इंजिन सुरू झालं.

"मॅडम, हेच एकदा इकडं बघून घेऊ," शिवतेज म्हणाला. "नुसतं, कोण आहे तो तेवढं सांगा."

दीपमालानं दोन बोटं तोंडात घातली, वरचा डावीकडचा तारेचा दात काढून साळूबाईच्या तळहातावर ठेवला, आणि फटीसकट कॅमेऱ्याकडं तोंड केलं.