ट्रॉफ्यांच्या कपाटाची काच

ग्रँडमास्टर संघर्ष पगारे पहिल्याच चालीला कडेचं प्यादं पुढे काढायचा. बुद्धिबळात अशी सुरुवात सहसा कुणी करत नाही. पण तिनंच त्याला नाव मिळवून दिलं होतं. आता पोरंसोरं कॉम्प्युटरवर तिच्यावरची तोड शिकून येत होती, आणि यंदा तो नुसता हरत होता.

"एकदा सगळ्यांसारखं खेळून बघ ना," बायको सृष्टी म्हणायची.

"सगळ्यांसारखे ढिगानं पडलेत," तो खेकसायचा.

त्या दुपारी द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये तो ट्रॉफ्यांच्या कपाटासमोर पट मांडून बसला. वैतागून त्यानं कडेचं प्यादं सरकवलं.

कपाटाच्या काचेत मधलं प्यादं पुढे आलं होतं.

त्यानं पटाकडे पाहिलं. मधलं प्यादं जागेवरच होतं.

खेळलेली चाल तो सरावातही मागे घेत नसे. दातओठ खात त्यानं घोडा काढला. काचेतल्या माणसानं उंट काढला आणि समाधानानं हसला.

संघर्ष हसला नव्हता.

काचेत सृष्टी आली. तिनं त्या माणसापुढे चहा ठेवला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

संघर्षच्या खांद्याला काहीच जाणवलं नाही. तो झटकन वळला.

सृष्टी दारातच उभी होती, हातात चहाचा कप. ती थेट त्याच्या खुर्चीकडे बघत होती.

"संघर्ष," तिनं हाक मारली, "अरे, कुठे गेलास?"