भूतबंगल्यातलं नाट्यपद

बाबा वारले त्याच्या आदल्या दिवशीही भंडाऱ्याच्या मीना बाजारातल्या भूतबंगल्यात गायले. तीस वर्षं झाडीपट्टीची नाटकं गाजवलेला हा गायक आता पांढरी साडी नेसून, तोंडाला पावडर फासून तिथे नाट्यपदं आळवत असे.

"रक्षा, एकडाव ऐकाले तं ये," ते निघताना म्हणाले.

"तुमचं गाणं ऐकून लोकं पळतात, बाबा. मी कायले येऊ?"

"नाटकातबी पळत होते, बाई. इथं तं तिकीट काढून पळतात!"

तेरवी आटोपली आणि मालकाने भूतबंगल्यावर नवी पाटी लावली: 'आता खरोखर मेलेल्या गायकाचा आवाज!' मी तिकीट काढून आत गेले. स्पीकरवर बाबांचं रेकॉर्डिंग लागलं, तशी सगळी गर्दी किंचाळत बाहेर पळाली.

मी जागची हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले, "वन्स मोअर, बाबा!"