माशांची रात्र

बुधवारी दुपारी साडेतीनला साधना लाल दिवा घेऊन खोलीत शिरली, तेव्हा टाकीतले सगळे मासे काळे पडलेले होते. ते फिके असायला हवे होते.

मरळीची बोटभर लांबीची पिल्लं होती ती. अमरावतीच्या एका कॉलेजातली ही खोली तिनं खिडक्यांना पुठ्ठे ठोकून बंद केली होती आणि माशांचा दिवस उलटा केला होता. रात्रभर दिवे, दिवसभर मिट्ट काळोख. अंधार झाला की माशाच्या मेंदूतून एक संप्रेरक सुटतं. मग कातडीतल्या पेशींमधला काळा रंग मधोमध गोळा होतो आणि मासा फिका दिसतो. उजेड झाला की तोच रंग पुन्हा पेशीभर पसरतो. दीड महिना त्यात कधी फरक पडला नव्हता. आज मात्र माशांच्या मध्यरात्री कुणीतरी दिवा लावला होता, तोही बराच वेळ.

खोलीच्या किल्ल्या दोनच. एक तिच्याकडे, दुसरी विभागाचा शिपाई श्रावण याच्याकडे. ती सकाळपासून अकोल्याला गेली होती, आत्ताच परतली होती. सुट्ट्यांमुळे इमारतीत कुणी नव्हतं. श्रावणही दिसेना. त्याचा फोन बंद होता.

तिनं तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना कळवलं. सर म्हणाले, आजचे आकडे कालच्यासारखेच लिही आणि त्या माणसाची लेखी तक्रार दे. कंत्राटी आहे, एजन्सी दुसरा पाठवेल. आकडे तिनं खोटे लिहिले नाहीत. तक्रार मात्र रागाच्या भरात लिहिली, आणि संध्याकाळच्या आत पाठवूनही दिली.

पुढचे दोन दिवस मासे उशिरा फिके होत राहिले. एका दुपारच्या उजेडानं त्यांची रात्र पुढे सरकली होती. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार होता. शनिवारी नवा माणूस आला. माशांचं खाद्य भांडारात होतं आणि भांडाराची किल्ली श्रावणकडेच राहिली होती, म्हणून साधना ती आणायला बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत गेली.

घरासमोर सतरंजी टाकलेली होती. चारपाच माणसं बसली होती. श्रावणच्या मुलानं, नागसेननं, तिला आत नेलं. भिंतीशी खुर्चीवर केशरबाईचा फोटो होता, पुढे मेणबत्ती.

केशरबाई श्रावणची बायको. त्याच विभागात झाडलोट करायची. सोमवारीच तिनं विचारलं होतं, लय तपून राहिलं बाई, मासोळ्यांच्या खोलीत घडीभर बसू काय? तिथं एसी होता. साधना म्हणाली होती, दार उघडलं की मासे बिघडतात.

बुधवारी दुपारी केशरबाई जिन्यातच कोसळली, नागसेन सांगत होता. बाहेर शेहेचाळीस डिग्री. बाबांनी तिला उचलून त्या खोलीत नेलं, कारण गार तेवढीच होती. नागसेन ऑटो घेऊन पोचेपर्यंत तास गेला. दवाखान्याच्या फाटकापाशी तिनं मान टाकली. उद्या तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी होता.

श्रावण आतून आला. त्यानं न विचारताच किल्ली तिच्या हातात दिली. कामावरून काढल्याचा एजन्सीचा निरोप त्याला मिळाला होता.

"मासे मेले काय, म्याडम?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग?"

ती अगदी हळू म्हणाली, "दिवा लावला होता ना तुम्ही."

श्रावणनं मान हलवली.

"लावला म्या. अंधारात तिचं तोंडच दिसे ना मले. पाणी कुठं पाजू?"