फेस्टीचं मढं

शवपेटीतल्या मढ्याने पेपरमिंटची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि समोर उभ्या असलेल्या बाबीनला डोळा मारला.

मढं म्हणजे फेस्टी. गावातल्या जमिनी विकून देणारा आणि आयरिश परंपरा उत्सवाचा अध्यक्ष. तोंडाला मैदा फासलेला, बोटांत जपमाळ, तीही प्लॅस्टिकची. उशाशी त्याची बायको डीलिया डोक्यावर काळी जाळी घेऊन विधवा झाली होती आणि खिदळत होती. खुर्च्यांवर हिरव्या पुठ्ठ्याच्या टोप्या घातलेले परदेशी पाहुणे, एका हातात कागदी पेल्यातली व्हिस्की, दुसऱ्यात फोन. सभागृहभर तळलेल्या कांद्याचा वास. दारावर पाटी होती: 'अस्सल आयरिश मयत, दुपारी तीन वाजता'. शिसारी यावी असा सगळा थाट.

बाबीन ब्याऐंशी वर्षांची. मेलेल्यावर म्हणायचा जुना विलाप त्या किनाऱ्यावर तिला एकटीलाच येत होता. तो तिला आजीने शिकवला होता आणि बजावलंही होतं, पेटी समोर असल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. तिचा धाकटा भाऊ कोलमन होडीसकट बुडाला तेव्हा समुद्राने त्याला परत दिलं नाही. मढं नाही म्हणून पेटी नाही, पेटी नाही म्हणून विलाप नाही. साठ वर्षं कोलमन तसाच राहिला, नुसता गेलेला. त्यामुळे उत्सवाच्या समितीने 'रिकामी पेटी ठेवतो, तुम्ही या' म्हटल्याबरोबर ती हो म्हणाली. का, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

"नोरीन, पेटी रिकामी असणार होती," ती माइकवाल्या चिटणीस बाईला म्हणाली.

"रिकामं खोकं बघायला कोण येतंय, मावशी? फोटोत मढं नको?" नोरीनने घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं तर रडायचंय. कोणासाठी का असेना."

बाबीन पुढे झाली. ती पेटीवर वाकली. पेपरमिंटचा आणि बिअरचा भपकारा आला.

"फेस्टी, ऊठ."

"मेलेला कधी उठतो का, बाबीन?" तो डोळे मिटूनच म्हणाला. "मी मेलोय. तू आपलं गाणं म्हण."

"मेलास?"

"केव्हाच."

"बरं," बाबीन म्हणाली. "तुझ्याच तोंडाने सांगितलंस."

तिने डोक्याचा रुमाल सोडला, केस मोकळे केले आणि पेटीची कड धरून झुलायला लागली. आवाज आधी घशातल्या घशात होता, मग चढला. पाहुण्यांनी फोन वर केले. आधी नाव, मग बाप, मग आजा, रीतच तशी. फेस्टी रे, मार्टिनच्या पोरा, पाट्रिकच्या नातवा, टेकडीवरच्या पांढऱ्या घराच्या धन्या, गेलास रे. आईने शेवटचं पाणी मागितलं तेव्हा तू कुत्र्यांच्या शर्यतीला होतास, ते आता तिला तूच समजावून सांग. बाप्तिस्मा न झालेल्या तान्ह्या पोरांच्या कबरी सपाट करून तू मोटारी लावायला जागा केलीस. ती पोरं दारात आलीत रे, त्यांना कडेवर घे.

पाहुण्यांना आयरिश भाषेचं अक्षर कळत नव्हतं. "किती गोड," एक बाई शेजारणीला म्हणाली. भिंतीशी उभे राहून इतका वेळ फिदीफिदी हसणाऱ्या गावकऱ्यांना मात्र शब्दन्शब्द कळत होता. म्हाताऱ्या टॉमीनने टोपी काढली, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, "देव त्याच्या आत्म्याला शांती देवो." बाकीच्यांच्या तोंडूनही सवयीने तेच निघालं.

"बास कर, बाबीन," डीलिया म्हणाली. तिचं खिदळणं कुठल्या कुठे गेलं होतं. "जिवंत आहे तो."

"मग तू काळं कोणासाठी घातलंयस?"

तेवढ्यात गोळी फेस्टीच्या घशात गेली. तो खोकत उठून बसला. घामाने मैद्याची खळ झाली होती आणि ती हनुवटीवरून ओघळत होती. "हात दे रे," तो टॉमीनला म्हणाला. टॉमीनने दोन्ही हात खिशात घातले. आणखी दोघांकडे त्याने हात पुढे केला, तेही मागे सरकले. शेवटी गुडघ्यांवर रांगत तो एकटाच बाहेर आला.

पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मढं उठलं, हा भाग त्यांना सगळ्यांत आवडला. दोन बायांनी त्याला मिठी मारून फोटो काढून घेतले आणि वर तोंड पुसू नका म्हणून बजावलं. फेस्टीही हसला, काय म्हणावं. नोरीनने अंगणात नाचाची स्पर्धा सुरू होत असल्याचं जाहीर केलं आणि पाच मिनिटांत सभागृह ओस पडलं. खाली कागदी पेले आणि हिरव्या टोप्या तेवढ्या राहिल्या.

बाबीनने ओल्या मैद्याने बरबटलेली उशी दोन बोटांनी उचलली आणि कोपऱ्यात भिरकावली. मग आपल्या रुमालाने पेटी आतून पुसायला घेतली, तळ, कडा, सगळी.

"मावशी, झालं की आता," नोरीन दारातून म्हणाली. "पेटी दुकानात परत द्यायचीय."

"थांब जरा."

टॉमीनने पुढे होऊन दार लोटून घेतलं. बाबीन पेटीच्या कडेशी बसली.

"ये रे कोलमन," ती म्हणाली, "जागा झाली."