सातवा टेक

"ताई, फार खरं वाटतंय," काचेपलीकडून डबिंगचा दिग्दर्शक म्हणाला. "या बाईला पुरुषही आवडतात आणि बायकाही. अशी बाई कुणाची व्हायची? आवाजात थोडी लबाडी आणा. पुन्हा घेऊ या."

शलाकाने हेडफोन सावरले. यंदा डबिंगसाठी तिच्या गळ्यात पडलेली अशी ही तिसरी बाई. पहिलीने मैत्रिणीचा संसार मोडला होता, दुसरीने नवऱ्याला विष घातलं होतं. ही निदान नुसतीच फसवणार होती. पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळवत ती पुन्हा म्हणाली, "मी तुला सोडून कुठेही जाणार नाही." सातव्या वेळी दुधावरची साय काढावी तसा तिने वाक्यातला खरेपणा काढून घेतला, तेव्हा कुठे दिग्दर्शक खूश झाला.

कॉलेजात एका मुलीवर आपला जीव जडला होता, हे तिने गेल्याच आठवड्यात नवऱ्याला सांगितलं होतं. सहा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. आज संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा तो मेथी निवडत बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "मला सोडून तर नाही ना जाणार?"

ती त्याच्यासमोर बसली. "मी तुला सोडून कुठेही जाणार नाही."

शब्द न् शब्द खरा होता. तिच्या कानांना मात्र त्यात सातवा टेक ऐकू आला.

त्याने मान वर केली. त्याला काही बोलू न देता ती थकल्या आवाजात म्हणाली, "थांब. पुन्हा घेते."