सात वेढे

"हात लावू नका, अमलाबाय," भिमी म्हणाली आणि तिने डॉक्टरचं मनगट पकडलं. "देवजी भगताचं बंधन हाय. त्यानं बांधलं, त्यानंच सोडाचं."

टेबलावर भिमीची नऊ वर्षांची पोर, दिपिका. पहाटे जमिनीवर झोपलेली असताना तिच्या पावलाला मण्यार चावली होती. पोटरीवर काळ्या दोऱ्याचे सात वेढे, प्रत्येकाला वेगळी गाठ, मांसात रुतलेले. दोऱ्याखाली पाय जांभळा पडत चालला होता. पापण्या अर्ध्यावर येऊन अडकल्या होत्या, पोरगी उचलायला बघत होती आणि त्या उचलल्या जात नव्हत्या. दोरा बांधून भगत मुरबाडला लग्नाला निघून गेला होता. दुपारपर्यंत येतो म्हणाला. उपकेंद्राला कुलूप होतं. पाड्याला रस्ता नाही, म्हणून झोळीत घालून चार किलोमीटर आणली होती तिला.

डॉक्टर अमेलिया फिलिपिन्सची. किन्हवलीपुढच्या मिशनच्या दवाखान्यात तिला सहा वर्षं झाली होती. मराठी ती पेशंटांच्या तोंडून शिकली, म्हणून त्यांच्यासारखीच बोलायची. पाड्यांवर तिचं नाव अमलाबाय झालं होतं. इथे राहायचा परवाना तिला दर वर्षी नव्याने काढावा लागायचा, आणि तो अडवायला एक तक्रार पुरे होती.

ती तक्रार आज दारात उभी होती. हरेश. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात आडवा धरलेला मोबाइल. दोन महिने तो गावभर सांगत फिरत होता की इथे औषध देऊन बाटवतात. बाटलेला एक माणूस त्याला अजून दाखवता आला नव्हता. त्याच्या स्वतःच्या आईच्या मधुमेहाच्या गोळ्या याच दवाखान्यातून जायच्या, ते मात्र तो कुणाला सांगत नव्हता.

"आज प्रार्थना नाय का, डॉक्टर?" तो म्हणाला. "रोज करता ना, डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून? करा की. मी काढतोय व्हिडिओ."

अमेलियाने डोळे मिटले नाहीत. काय मागायचं ते उघड्या डोळ्यांनीच मागितलं आणि सलाइनचे थेंब बघितले. सापाचं औषध त्यातून सुरू झालं होतं. शहापूरहून निघालेली एकशेआठची अँब्युलन्स अजून वाटेत होती. तिची वाट बघत दोरा ठेवला तर पाय हातचा जाणार होता.

नर्स संजीवनी तिच्या कानाशी आली. "मॅडम, भगताला येऊ दे. तुमी दोरा सोडला नि पोरगी गेली, तर साप राहील बाजूला. तुमच्यावर येईल सगळं. उद्या इथं कुलूप असंल."

संजीवनी उगाच घाबरवत नव्हती. दोरा एकदम सुटला की खाली अडलेलं विष सरसर वर चढतं. भगत दुसऱ्या कुणाला सोडू देत नव्हता, त्यात तेवढं खरं होतं. अमेलियाने तरी कात्री उचलली.

मोबाइल दोन पावलं आत आला. "सोडा, सोडा," हरेश म्हणाला. "भगताचं बंधन कोण तोडतंय ते दिसू दे लोकांना."

भिमीने मनगट अजून धरूनच ठेवलं होतं. "सोडल्यावर मेली तर?"

नाय मरणार, असं म्हणणं सोपं होतं. बाहेरची डॉक्टर म्हणून तिच्याकडून तेच ऐकायला माणसं येतात.

"मरू शकते," अमेलिया म्हणाली. "औषध चालू हाय, मी हाय, तरी मरू शकते. दोरा ठेवला तर पाय जाईल. नि पाय सडला तर मंग तीबी."

भिमीने मोबाइलकडे बघितलं. मग डॉक्टरच्या हातातल्या कात्रीकडे. मग मनगट सोडलं आणि पदर कमरेला खोचला.

"ती ठेवा खाली. कसा सोडाचा ते मला सांगा."

"हळू. एक वेढा सोड नि थांब. मी सांगते तवा दुसरा."

पहिली गाठ घामाने आवळून बसली होती. नखाने निघेना. भिमी वाकली आणि तिने ती दातांनी ओढली. पहिला वेढा सुटला. ती थांबली. अमेलियाने नाडी बघितली, मान हलवली. दुसरा.

तिसऱ्याला दिपिकाची छाती खाली बसली ती वर आलीच नाही.

"गेली," हरेश म्हणाला. वाईट वाटलेल्या माणसाचा आवाज असा नसतो.

अमेलियाने पोरीच्या तोंडावर मास्क दाबला आणि त्याला लावलेली हवेची पिशवी दाबली. छाती वर आली. सोडली, खाली गेली. पुन्हा दाबली.

भिमीचे हात दोऱ्यावरून उचलले गेले होते आणि तसेच राहिले होते. पाड्यावर आता काय बोलतील ते तिला पाठ होतं. आईनंच सोडला. आईनंच मारली.

"थांबू नको. चौथा सोड," अमेलिया म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "दम मी बघते. तू दोरा बघ."

"अमलाबाय..."

"चौथा, भिमी."

भिमी पुन्हा वाकली. चौथा. पिशवी दाबली जात होती, छाती वर येत होती. थांबून पाचवा. कातडीवर दोऱ्याची खोल खाच उमटली होती आणि तिच्या कडेला, जांभळ्यात, बोटभर रंग परतत होता.

हरेश टेबलाला वळसा घालून या बाजूला आला, मग त्या बाजूला गेला. कुठूनही धरला तरी मोबाइलमध्ये वाकलेली भिमी आणि दोऱ्यावरचे तिचेच हात येत होते.

"ए भिमे, बाजूला हो जरा. डॉक्टरनीचे हात दिसत नाय."

भिमी हलली नाही.

"माजे दिसतात ना," ती म्हणाली. "मंग तेच काढ, हरेश."

आणि सहावा वेढा तिने दातात धरला.