अर्धा किलो

टेलरमास्तरांच्या यकृतातली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हाच सर्जनने बजावलं होतं, "आमचं काम झालं. आता वजन घटलं, तर सगळ्यावर पाणी पडेल." पण बायको गेल्यापासून एकट्याच्या घशाखाली घास कुठला उतरायला! मास्तर स्वतःचंच गिऱ्हाईक होऊन पँट कमरेत आत घेत राहिले.

मग हॉस्पिटलातली आहारतज्ज्ञ मुलगी रोज संध्याकाळी फोन करू लागली. "काका, जेवलात का? काय काय खाल्लंत? थापा नाही हं मारायच्या!" थापा मारणं मास्तरांना कधी जमलंच नव्हतं, म्हणून ते पातेलं चढवू लागले. तिला सांगता सांगता दोन घास जास्तच जाऊ लागले. अन्न अंगी लागलं आणि पँटची शिलाई उसवून ती पुन्हा सैल करावी लागली.

आज हॉस्पिटलात तपासणीच्या वेळी वजनकाट्याकडे बघून तिने टाळीच वाजवली. "काका, जिंकलात! आणखी अर्धा किलो भरलं, की माझ्या रोजच्या फोनचा त्रास संपला बघा तुमचा!"

 

घरी आल्यावर मास्तरांनी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं, आणि पँट पुन्हा आत घ्यायला सुईत दोरा ओवला.